पुसलेल्या तारखेचा डबा

माझे पोट फुगलेले आहे. म्हणून मला कुणी उघडत नाही, आणि मैनाकाकी आहे तोवर कुणी टाकूनही देणार नाही. मित्रांनो, मी ओल्या वालाच्या दाण्यांचा एक डबा आहे, वयाने जुना. आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या आणि खुर्च्या तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटल्या असतील. त्या मनाने फार चांगल्या असतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करतात. मी तसा नाही. मला एका माणसाचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म रोह्याजवळच्या एका गावात, मैनाकाकीच्या डबे भरायच्या शेडमध्ये झाला. आमच्याकडे भात कापले की त्याच शेतात वाल पेरतात आणि थंडीत शेंगा भरतात. सकाळी कोलाडकडून, आसपासच्या गावांतून शेंगांची पोती येत. अकरा बायका गोल बसून त्या सोलत, गप्पा मारत, एकमेकींच्या सुनांना नावे ठेवत. मग दाणे उकळत्या पाण्यातून काढून, मिठाच्या पाण्यासह आमच्यात भरत, झाकण यंत्राने घट्ट बसवत आणि आम्हाला वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवत. सकाळची शेंग दिवस मावळायच्या आत डब्यात, हा मैनाकाकीचा नियम होता. एखादे पोते उशिरा आले तर ती ते परत पाठवी, मग आणणारा तिचा सख्खा भाऊ का असेना. लेबलावरही तिने छापून घेतले होते : 'तोडल्या दिवशीच भरलेले'.

आपल्या देशात डब्यातली भाजी विकायची तर कायदा सगळीकडे एकच, रोह्यात असो की गुवाहाटीत. मैनाकाकीची सून प्रणिता वर्षभर फॉर्म भरत होती. पाण्याची तपासणी झाली, भिंतींना फरशा लागल्या, बायकांच्या डोक्यावर टोप्या आल्या. शेवटी परवाना आला आणि त्याचा चौदा आकडी क्रमांक माझ्या लेबलावर छापला गेला. माझ्या बुडावर शाईने तारीख उमटली : जानेवारी. त्याखाली बॅच नंबर, आणि अठरा महिन्यांच्या आत खावे, अशी सूचना. त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत होतो.

आम्हाला विकत घेतले पेणच्या कमळाकरशेठने. टेम्पोत बसून नागोठण्यावरून आम्ही त्याच्या रामवाडीतल्या गोदामात पोचलो. तिथून माझी काही भावंडे नाशिकला गेली, काही इंदूरला. इंदुरातल्या एका बाईने प्रणिताला फोन करून सांगितले, की तुमचा डबा उघडला आणि माहेरच्या अंगणात बसल्यासारखे वाटले. शेडमधल्या बायका ते आठवडाभर एकमेकींना सांगत होत्या.

मी मात्र मागच्या भिंतीशी राहिलो. वर पत्रा, पत्र्याला भोक. उन्हाळ्यात भाजायचो, पावसाळ्यात भिजायचो. कुणीतरी खोकी आदळली, त्यात माझ्या कडेला पोचा आला, आणि पोच्यापाशी गंज धरला. शेठ फोनवर मैनाकाकीला म्हणे, "सगळा माल खपला." आम्ही दोनशे जण ते ऐकत असू.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत आमची मुदत संपली. नियमाप्रमाणे आम्हाला नष्ट करायला हवे होते आणि आमची त्याला तयारी होती. डब्यालाही मरण असते. ते वेळेवर आले तर त्यात वाईट काही नाही.

कमळाकरशेठने आम्हाला ते मरणही दिले नाही. ऑगस्टातल्या एका दुपारी त्याने गोदामाचे दार आतून लावले आणि थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने आमची बुडे पुसली. माझी तारीख गेली, बॅच नंबर गेला. मग दुसरा ठसा मारला : पॅकिंग, ऑगस्ट. हे सगळे तो गाणे गुणगुणत करत होता. ते गुणगुणणे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

पुढे व्हायचे ते झाले. दुकानांत आमची पोटे फुगू लागली. एका घरात माझ्या भावाला उघडून त्याची उसळ केली, आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी चार दिवस दवाखान्यात होत्या. तक्रार झाली. लेबलावर क्रमांक कुणाचा? मैनाकाकीचा. नोटीस तिच्या दारात आली : सुनावणी होईपर्यंत परवाना रोखला, काम बंद. तेव्हा डिसेंबर लागला होता आणि शेतात शेंगा भरू लागल्या होत्या. महिनाभरात परवाना सुटला नाही तर शेंगा जागेवर वाळणार होत्या, आणि अकरा बायकांचे वर्ष बुडणार होते. शिवाय गावात कुजबुज सुरू झाली होती, की मैनाने लोकांना विष चारले.

मैनाकाकी प्रणिताला घेऊन तडक पेणला आली. रामवाडीच्या एका दुकानात मी विकायला मांडलेला होतो; तिने मला उचलले आणि उलटे केले.

"ह्याच्यावर काय लिवलंय गो? मोठ्यानं वाच."

"पॅकिंग ऑगस्ट," प्रणिता म्हणाली. "आई, आपण ऑगस्टात कधी..."

"गप ऱ्हा. पैसे दे नि चल."

मला पिशवीत घालताना ती हसली. ते हसू काही प्रेमाचे नव्हते. मला फार बरे वाटले.

सुनावणी अलिबागला झाली. ती घेणाऱ्या अन्न खात्याच्या अधिकारी अंतरा मॅडम नव्याच बदलून आलेल्या, मूळच्या जालन्याकडच्या. कमळाकरशेठ पांढरा शर्ट घालून आला होता.

"मॅडम, माल ऑगस्टात हिनेच पाठवला. तारीख तिची. मी नुसता विकतो," तो म्हणाला. प्रणिताने रजिस्टर पुढे केले. "रजिस्टर काय, घरी बसून पण लिहिता येतं," शेठ म्हणाला.

मॅडम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मैनाकाकी खुर्चीत सावरून बसली.

"शेठ, तुमच्या वाडीवरची पोपटी लय भारी असते म्हणं."

शेठचा चेहरा खुलला. पोपटीचा विषय निघाला की पेणचा माणूस गप्प बसत नाही. "मॅडम, तुम्ही यायलाच पाहिजे. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. शंभर माणूस असतं दरवर्षी."

"कवा लावता?"

"जानेवारीत."

"श्रावणात का नाय लावत?"

"श्रावणात शेंगा कुठनं आणू?" तो मोठ्याने हसला. "तेव्हा शेतात भात असतो, काकी. ओली शेंग थंडीशिवाय..."

तिथे त्याचे हसू थांबले. मैनाकाकीने मला पिशवीतून काढून मॅडमपुढे उलटे ठेवले. मॅडमनी माझे बूड वाचले. मग लेबल वाचले, 'तोडल्या दिवशीच भरलेले'. मग त्या शेठकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मग हा डबा ऑगस्टात कशानं भरला?"

त्याच संध्याकाळी गोदाम तपासले. थिनरचा कॅन सापडला, ठसाही सापडला. शेठचा परवाना रोखला गेला. माझी उरलेली भावंडे चेचून खड्ड्यात पुरली; मला मात्र मैनाकाकीने मॅडमकडून परत मागून घरी आणले. मैनाकाकीचा परवाना आठ दिवसांनी सुटला. तोवर काही शेंगा वाळल्या होत्या, बाकीच्या वाचल्या. तिने मात्र तेवढ्यावर थांबायचे नाकारले आणि खोटी तारीख मारली म्हणून पोलिसांत वेगळी तक्रार दिली.

मार्चमध्ये एका दुपारी कमळाकरशेठ आमच्या गावी आला. हातात मिठाईचा पुडा आणि एक लिहिलेला कागद. ओटीवर बसून तो म्हणाला, "झालं गेलं विसरा, काकी. तक्रार मागं घेते असं लिहून आणलंय, एवढी सही करा."

मैनाकाकीने त्याला पाणी दिले. मग शेडमध्ये येऊन मला फळीवरून काढले आणि ताटात ठेवून त्याच्यापुढे आणले. बाजूला डबा फोडायची चावी आणि चमचा.

"आल्या माणसाला खाल्ल्याबिगर धाडायची रीत नाय आमच्यात," ती म्हणाली. "तुमच्याच हातची तारीख हाय. अजून वरीसभर चांगला हाय म्हणा की. उघडा, खा, मग सही करते."

थिनरच्या त्या दुपारनंतर आम्ही दोघे इतक्या जवळून पहिल्यांदाच समोरासमोर आलो होतो. माझे पोट चांगलेच टम्म होते. त्याने माझ्याकडे पाहिले, मग चमच्याकडे, मग दाराकडे. ताटाला त्याने बोटही लावले नाही. उठून चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. कागद ओटीवरच राहिला.

मित्रांनो, डबा घ्याल तेव्हा आधी उलटा करून तारीख वाचा. शाईखाली पुसट डाग दिसला, कड गंजलेली असली, पोट फुगलेले असले तर घेऊ नका. आणि तो तुम्हाला कुणी विकायला काढला, हे लक्षात ठेवा.

तो गेल्यावर प्रणिता म्हणाली, "आई, आता तरी टाकून द्या हा डबा. जवळ ठेवायला पण भीती वाटते."

"नको," मैनाकाकी मला पुन्हा फळीवर ठेवत म्हणाली. "तक्रार हाय तवर तो परत येनार. मग त्याला वाढू काय?"