साल्विनाच्या घराचा ताबा

शनिवारी सकाळी साल्विनाच्या घराचा लिलाव होता आणि सगळी गल्ली तिच्या कुंपणापाशी जमली होती. घ्यायचं त्यांच्यापैकी कुणालाच नव्हतं. आमच्याकडे शेजारच्या घराचा लिलाव म्हणजे फुकटची करमणूक. लोक हातात कॉफी घेऊन येतात आणि दुसऱ्याच्या भिंतींना नावं ठेवतात. मला मात्र त्या दिवशी कुणाचं तोंड बघवत नव्हतं.

मालकाने अशा वेळी घरात बसायचं, म्हणून साल्विना स्वयंपाकघरात बसली होती, आणि सोबतीला मी, पलीकडच्या घरातली चेत्तीना. आम्ही दोघी माल्टाहून एकाच वर्षी मेलबर्नला आलो. साल्विनाने ओव्हनमधून गरम पास्तीत्सी, आमच्याकडच्या चीज भरलेल्या खुसखुशीत पुऱ्या, काढून ठेवल्या होत्या. खात कुणीच नव्हतं.

साल्विनाचे गुडघे कामातून गेलेत. नवरा वारल्यावर तिने शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत बिनपायऱ्यांचं छोटं घर नोंदवलं. बिल्डरने काँक्रीटचा पाया ओतला आणि तिथेच गाडं अडलं. सुतार मिळत नाहीत, लाकूड महागलं, तेव्हा वाढीव पैसे भरा नाहीतर विसरा, असं त्याचं म्हणणं. ते पैसे या जुन्या घरातूनच निघणार होते. विकलं तर राहायचं कुठे, आणि नाही विकलं तर नवं घर कायमचं बुडालं. बाई महिनाभर नीट झोपली नव्हती.

मध्येच लिलाव पुकारणारा एजंट घाम पुसत आत आला. "बोली थांबलीय. या किमतीला देऊन टाकू?"

"देऊन टाकू म्हणे! तुझ्या काकाचं घर आहे का?" साल्विना उसळली.

घर त्या किमतीला गेलं नाही. मग रिवाजाप्रमाणे सगळ्यात वरची बोली लावणाऱ्याला बोलणी करायला आत बोलावलं. अचोल नावाची नर्स होती, मूळची दक्षिण सुदानची. साल्विनाला किती हवेत ते एजंटने तिला बाहेरच सांगितलं होतं. बसायच्या आधीच ती म्हणाली, "आई, तुमचा आकडा मान्य. कुठूनही उभा करेन. पण ताबा महिन्याभरात द्या. आमचा घरमालक घर विकतोय, पोरांना घेऊन कुठे जाऊ?"

"मला वर्ष लागेल गं पोरी. माझं घर अजून उभं राहायचंय."

"कुठे बांधताय?"

साल्विनाने वसाहतीचं नाव सांगितलं. अचोलने कपाळावर हात मारला. "माझा प्लॉटही तिथेच, शेवटच्या गल्लीत! बिल्डरही तोच. पायाभोवती गुडघाभर गवत वाढलंय."

"माझ्या घराच्या पायावर तर कुणीतरी मोडका सोफा टाकून गेलंय," साल्विना म्हणाली आणि दोघी हसल्या. मला काही हसू आलं नाही. त्या बिल्डरला समोर उभं करून चार शब्द सुनावावेत असं वाटत होतं.

अचोल पुढे सरकली. "मग असं करू. घर मला द्या, आणि तुमचं होईपर्यंत मागची खोली तुमची. भाडंबिडं काही नको. वर्ष लागो की दोन."

साल्विनाचा चेहरा एकदम आक्रसला. या देशात आल्यावर सात वर्षं तिने लोकांच्या मागच्या खोल्यांत काढली होती, दुसऱ्याच्या चुलीवर नंबर लावून स्वयंपाक केला होता. पुन्हा असं राहणार नाही, म्हणून तर हे घर घेतलं होतं.

"मागच्या खोलीत मी राहणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पोरगी चांगली आहे," मी म्हणाले.

"तू गप्प बस, चेत्तीना."

अचोल उठली. जाताना तिने मला नमस्कारासारखी मान लववली. तिच्यामागून प्रेंटिस नावाचा गृहस्थ आत आला, खालची बोली लावणारा. त्याला घर पाडून तिथे दोन बांधायची होती, पण बांधणारेच मिळत नव्हते. "तोवर सगळं घर तुम्हीच वापरा, मॅडम. भाडं तेवढं द्या. कुणी त्रास देणार नाही." आकडाही त्याने मान्य केला.

सगळं घर! साल्विनाने सही केली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

ताबा द्यायच्या दिवशी मी तिथेच होते. एजंटच्या कचेरीतली एक तरुण मुलगी आली. चाव्यांचे सगळे जुडगे तिने साल्विनाकडून मागून घेतले, एक परत दिला आणि बाकीचे पिशवीत टाकले. मग ती खोल्याखोल्यांतून भिंतींचे फोटो काढत फिरली. साल्विना तिच्यामागून लंगडत गेली, प्रत्येक दिवा लावून देत.

दारात मुलगी वळली आणि गोड हसून म्हणाली, "मधूनमधून आम्ही पाहणीला येऊ. तेवढं घर स्वच्छ ठेवत जा हं आजी, मालकांना पसारा आवडत नाही."

"हो," साल्विना म्हणाली. "ठेवीन."