हात वर

पडद्याचं एक टोक पुन्हा सुटलं, तशी दुर्गा स्टुलावर चढली आणि व्यायामशाळेच्या खिडकीच्या गजाला तिनं ते स्वतः करकचून बांधलं. खालून दोघंतिघं "वहिनी, आम्ही बांधतो ना" म्हणत होते. पण सकाळपासून तेच बांधत होते आणि ते सुटत होतं. पन्नाशी उलटलेली बाई स्टुलावर चढली की बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. दुर्गाचाही जीव टांगणीला लागला होता, पण त्याचा स्टुलाशी संबंध नव्हता. निम्मा जीव बँकॉकला होता आणि निम्मा इथेच, मागच्या बाकावर.

पडद्यावर बँकॉकचं भलंमोठं सभागृह दिसत होतं. निळेजांभळे दिवे, हजारो माणसं आणि मधोमध व्यासपीठावर समोरासमोर मांडलेल्या दोन रांगा, एकेका रांगेत पाच कॉम्प्युटर. डाव्या रांगेत कडेला, कानांवर वाटीएवढाले हेडफोन चढवून आणि केस घट्ट बांधून बसलेली मुलगी म्हणजे अपेक्षा. दुर्गाची एकुलती एक लेक. लालबागच्या चाळीतली ही पोर व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामना खेळत होती, आणि भारताच्या संघाची कर्णधार होती.

मागच्या बाकावर बसला होता तिचा बाप, रघुवीर. चाळीच्या क्रीडा मंडळाचा कबड्डीचा प्रशिक्षक. व्यायामशाळेची किल्ली त्याच्याकडे असायची, त्यामुळे कुलूप उघडायला म्हणून तो आला होता. कुलूप उघडून बराच वेळ झाला होता, पण तो काही गेला नव्हता. तोंड मात्र त्यानं दाराकडे केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अपेक्षा मंडळाच्या संघात डावा कोपरा सांभाळायची. आत आलेल्या चढाईपटूचा घोटा तिनं एकदा धरला की सुटायचा नाही. जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिचं नाव येणार हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी ती बंगळुरूला या गेमच्या शिबिराला निघून गेली. जायचं भाडं दुर्गानं दिलं, हे रघुवीरला नंतर कळलं.

"बसून खेळतात त्याला खेळ म्हणत नाहीत," तो तेव्हा म्हणाला होता, "त्याला टाइमपास म्हणतात."

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. एवढ्याशा खोलीत दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता राहायचं म्हणजे तिसऱ्याला टपालखातं उघडावं लागतं. "त्यांना सांग, मी चालले." "तिला सांग, छत्री घेऊन जा." दोघांच्या मधे उभी राहून दुर्गा हे निरोप पोचवायची, आणि दोघांनाही ते आधीच ऐकू गेलेले असायचे. आज अपेक्षा जिंकली तर निदान हा माणूस तोंड उघडेल, अशी दुर्गाला आशा होती. पोरगी हरली, तर टाइमपासचा कायमचा शिक्का बसणार होता.

"जुई, बाळा, परत एकदा सांग," मंडळाचे अध्यक्ष गंगाधरकाका म्हणाले. जुई ही रघुवीरची पुतणी, कॉलेजात जाणारी. दुपारपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांना गेम समजावण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"काका, पाच आपले, पाच कोरियाचे. एका टीमनं त्या गोदामात घुसायचं, दुसरीनं अडवायचं. मेला तो आऊट, पुढच्या डावात परत आत. जो आधी तेरा डाव घेईल तो चॅम्पियन."

"म्हणजे कबड्डीच की ही!" गंगाधरकाकांनी मुद्दाम मागे बघत आवाज चढवला.

"दम कुठाय ह्यात?" रघुवीर दाराला म्हणाला. "कबड्डीला दम लागतो."

दाराला म्हणाला खरं, पण दुर्गा त्याचे पाय बघत होती. पडद्यावर अपेक्षा भिंतीच्या आडोशाला सरकली की इकडे बाकाखाली त्याचं डावं पाऊल जरासं सरकायचं, टाच उचलून, मैदानात कोपऱ्यात उभं राहिल्यासारखं. त्याचं त्यालाही ते कळत नसावं. दुर्गानं काही दाखवलं नाही.

सामना मोठा तोडीस तोड झाला. आपण दोन डाव घेतले की ते दोन घ्यायचे. गेम कळणारी पोरं इंग्रजीत ओरडत होती आणि न कळणारी जुनी मंडळी कबड्डीत ओरडत होती. "कोपरा सांभाळ!" "घाई नको, घाई नको!" "अरे, साखळी तुटली की!" गंमत म्हणजे बऱ्याचदा ते बरोबर असायचं. दहा-दहा झाले, मग अकरा-अकरा, आणि मग आपल्या पोरांनी एक डाव असा काही खेचला की हितेंद्र नावाचा बँकेत नोकरी करणारा शहाणासुरता माणूस गंगाधरकाकांच्या गळ्यात पडला.

बारा-अकरा. अजून एक डाव घेतला की जग जिंकलं.

त्या डावात आपले एकेक करत चौघं बाद झाले, त्यांचेही चौघं गेले. उरली अपेक्षा आणि त्यांचा एक. पडद्यावर दोघंही दिसत होते. अपेक्षा गोदामातल्या लांबट वाटेनं दबक्या पावलांनी येत होती आणि तो एका लोखंडी दारामागे बंदूक रोखून बसला होता.

"तो बघ ना गो थंय! दारामागे!" पुढच्या खुर्चीवरून नलूआत्या ओरडल्या. नव्वदीच्या असतील, अख्ख्या चाळीच्या आत्या; मालवणी सुटली नव्हती, पोरगी म्हणजे त्यांचं 'चेडू'. "कोणतरी सांगा चेडवाक!"

"आत्या, आपल्याला दिसतोय, तिला नाही दिसत," जुई म्हणाली. "आणि आपण काय, तिथल्या लोकांनी ओरडून सांगितलं तरी तिला ऐकू जात नाही. बाहेरचं काही कळू नये म्हणून कानात मुद्दाम घरघर सोडलेली असते."

अपेक्षा दारावरून पुढे गेली. दुर्गानं डोळे मिटले. मिटले म्हणून तिला दिसलं नाही की अपेक्षा एकाएकी थांबली, गर्रकन वळली आणि तिनं दाराच्या आरपार गोळी झाडली. दुर्गाला फक्त आरडाओरडा ऐकू आला. डोळे उघडले तेव्हा व्यायामशाळेत गुलालाचा ढग होता, कोणीतरी ढोलावर टिपरू घातलं होतं आणि गंगाधरकाका, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस, बैठका मारल्यासारखे उड्या मारत होते.

"गो दुर्गे, आपला चेडू जिंकला मां?" नलूआत्यांनी तिचा हात धरला.

"जिंकली, आत्या!" असं म्हणताना दुर्गाला रडू फुटलं, आणि ते तिनं आवरलंही नाही. तिनं मागे वळून पाहिलं. रघुवीर बाकावरून उठून उभा राहिला होता. तोंड पडद्याकडे होतं, पण ते आनंदलेल्या माणसाचं तोंड नव्हतं. तिनं त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं.

पडद्यावर आपली चार पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. अपेक्षा खुर्चीतून उठली नव्हती. तिनं एका कानावरचा हेडफोन सरकवला होता आणि उजवा हात सरळ वर केला होता. पंजा उघडा, मान ताठ. बाजूच्या पोरानं हसत हसत तो हात खाली ओढायला पाहिलं, तर तिनं तो तसाच ठेवला.

ढोल आधी थांबला. मग एकेक म्हातारा गप्प झाला. इंग्रजी समालोचक काहीतरी बिघाड झाला असावा, कॉम्प्युटर अडकला असावा, असं म्हणत होते. लालबागच्या त्या व्यायामशाळेत मात्र मंडळात कबड्डी खेळलेल्या प्रत्येक माणसाला कळून चुकलं होतं.

"लागलंय तिला," गंगाधरकाका हळूच म्हणाले.

"काय लागलंय?" नुसता गेम बघायला आलेल्या एका पोरानं विचारलं.

कबड्डीत कधीकधी चढाईपटूचं नुसतं नख चाटून जातं, आणि तेवढ्यानंही खेळाडू बाद होतो. पंचांना दिसत नाही, लोकांना दिसत नाही, खुद्द चढाईपटूलाही कळत नाही. ज्याला लागतं त्यालाच ते कळतं. अशा वेळी हात वर करायचा आणि आपल्या पायांनी रेषेबाहेर जायचं, असा या मंडळाचा रिवाज होता. दुसऱ्या मंडळाची पोरं यावर हसायची. पण हात वर न केलेल्या चांगल्या चांगल्या खेळाडूंना रघुवीरनं घरी बसवलं होतं, त्यापायी हातातले चषक घालवले होते. पंचांना दिसलं नाही म्हणजे लागलं नाही असं होत नाही, हे वाक्य चाळीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं.

पडद्यावर काळ्या शर्टातला पंच अपेक्षाजवळ येऊन वाकला. ती कानाकडे बोट दाखवून बोलत होती. मग दुसरा पंच आला, तिसरा आला. हेडफोन काढून घेतला गेला. थोड्या वेळानं जुईनं मोबाइलवरचं वाचून सांगितलं.

"तिच्या कानातली घरघर बंद पडली होती. त्या दारापाशी आली तेव्हा पब्लिकचा ओरडा तिला ऐकू आला, म्हणून तिला कळलं तो तिथे आहे. ते तिनं स्वतः सांगितलं. डाव रद्द. परत खेळायचा."

डाव परत खेळला गेला. तो कोरियानं घेतला. बारा-बारा. शेवटचा डावही त्यांनीच घेतला, आणि तो इतक्या झटपट की ओरडायलाही सवड मिळाली नाही.

व्यायामशाळेत सगळे गुलालानं माखलेले, आणि हरलेले. कोणी कोणाकडे बघेना. हितेंद्रला राहवलं नाही. "काय गरज होती? हेडफोन बंद पडला ही काय तिची चूक होती? कोणाला कळलं असतं?"

"तिका कळला असता," नलूआत्या म्हणाल्या.

तिकडे कोरियाचा कर्णधार चषकाकडे न जाता आधी आपल्या रांगेकडे आला. अपेक्षासमोर उभा राहून कमरेत वाकला. मग सभागृहातली माणसं उठायला लागली, पुढची, मधली, पार वरच्या रांगांमधली, आणि टाळ्या थांबेचनात. दुर्गाच्या छातीत काहीतरी भरून आलं. अभिमान अभिमान म्हणतात तो हाच असावा. जिंकल्याच्या त्या क्षणी आला होता तो याच्यापुढे पोरखेळ वाटला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि सरळ उभी राहिली.

"वाजवा रे," गंगाधरकाका ढोलवाल्यांवर खेकसले. "बघताय काय? गुलाल उधळलाय तो आता पुडीत परत भरायचा का? वाजवा!"

ढोल पुन्हा सुरू झाला, आधी लाजत आणि मग दणक्यात. त्या गदारोळात दुर्गाचा फोन वाजला. ती एक बोट कानात घालून भिंतीकडे वळली.

"आई, हरलो गं," अपेक्षाचा आवाज बसला होता. "टीमवाले बोलत नाहीयेत माझ्याशी. बोलतील. पण माझ्यामुळे गेलं ना सगळं."

"तुझ्यामुळे काय गेलं आणि काय राहिलं ते इथे येऊन बघ," दुर्गा म्हणाली. "मला अभिमान वाटतो तुझा. ऐकतेस ना? सगळ्या चाळीला वाटतो."

पलीकडून नेहमीचं वाक्य आलं, पण अर्धवटच. "बाबांना सांग..."

काय सांगायचं ते दुर्गाला कळायच्या आत रघुवीर शेजारी येऊन उभा होता. त्यानं हात पुढे केला. दुर्गानं फोन दिला. त्यानं तो कानाला लावला. ढोलवाल्यांनाही काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात आवरला.

"दहा-दहा असताना एकटी आत का घुसलीस?" तो म्हणाला.

पलीकडचा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता.

"ते टायमिंग मला नको सांगूस. मागं चौघं उभे होते ना? त्यांना सोडून पुढं जायचं? साखळी म्हणून काही असते की नाही? परवा त्या ब्राझीलवाल्यांबरोबर पण हेच केलंस. त्या दिवशी वाचलीस. आणि त्याच्या आधी त्या चिनी पोरांनी काय केलं? त्याच दारात धरली ना तुला?"

दुर्गा त्याच्याकडे बघत राहिली. परवा हा माणूस माहीमला सामने बघायला गेलो होतो म्हणाला होता. त्याच्या आधी लोअर परळला, कोणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करायला.

"अरे रघू," गंगाधरकाका पुढे सरसावले, "पोर आत्ता हरून बसलीय, आज तरी दोन शब्द गोड—"

दुर्गानं त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. गोड शब्द रघुवीर परक्यांना द्यायचा. दुसऱ्या मंडळाचं पोर चांगलं खेळलं की भर मैदानात जाऊन त्याची पाठ थोपटायचा. बोलणी फक्त आपल्या खेळाडूंना बसायची, आणि तीही ज्यांच्याकडून त्याला काही अपेक्षा असायची त्यांनाच.

"रडतेस कशाला? चुकलं तर चुकलं म्हणायचं," तो फोनमध्ये म्हणत होता. आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता, पण मोकळा हात भिंतीला टेकलेला होता. "मला ते दार नीट कळलं पाहिजे. कुठून कुठं जाता येतं, सगळं. पुढची स्पर्धा कधी आहे?"

उत्तर ऐकत ऐकत तो दाराबाहेर मैदानात गेला. तिथेही त्याचं बोलणं थांबलं नाही.

"काय म्हणता गो तो?" नलूआत्यांनी खुर्चीतून मान लांब करून विचारलं. "चेडवाक ओरडता मां?"

"हो, आत्या," दुर्गा म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि पुसायला जावं तर दोन्ही हात गुलालाचे. "ओरडतायत. ओरडू दे."