साखरपुड्याचा भयपट

भयपटाचा ट्रेलर सुरू होतो तेव्हा घर नेहमी सुखी असतं. आई स्वयंपाकघरात गुणगुणत असते, बाप लेकराला खांद्यावर घेऊन फिरवत असतो, खिडकीतून छान ऊन येत असतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. हिंगोलीच्या कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करणारी मी, शिवकन्या, महिनाभर नुसते ट्रेलर बघत होते. आई म्हणायची, असला अभ्यास तिलाही जमला असता.

प्रोजेक्ट शितल मॅडमनी दिला होता. आधी चार प्रकारच्या सिनेमांचे ट्रेलर बघायचे आणि प्रत्येक प्रकाराच्या ठरलेल्या रीती शोधायच्या. मग घरातलंच एखादं जुनं शूटिंग घ्यायचं आणि त्याचा ट्रेलर भलत्याच प्रकारात कापायचा. नवीन एक सेकंदही शूट करायचा नाही, ही अट.

रीती सापडायला फार डोकं लागलं नाही. मारामारीच्या सिनेमात नायकाचा चेहरा लवकर दाखवत नाहीत. आधी बूट, मग पाठ, आणि चेहरा येईपर्यंत दोन-चार गाड्या हवेत उडालेल्या असतात. प्रेमाच्या सिनेमात कुणीतरी कुणावर आदळतं आणि कागद उडतात. आमच्या कॉलेजात पोरंपोरी रोज आदळतात, पण हातात कागद म्हणून कुणाच्या नसतो. विनोदी सिनेमावाले तर सगळे चांगले विनोद ट्रेलरमध्येच संपवून मोकळे होतात. भयपटाची रीत मात्र मला मनापासून पटली. तिथे ज्याची भीती वाटते ते दाखवतच नाहीत. जिला ते दिसलं तिचा चेहरा दाखवतात, आणि ती काय बघतेय हे कळायच्या आत पडदा काळा करून टाकतात.

माझी मैत्रीण मिना तांड्यावरची. तिने पोळ्याच्या बैलांचा युद्धपट करायला घेतला. मी म्हटलं, आपण पुनमताईच्या साखरपुड्याचा भयपट करू. लग्न पुढच्या महिन्यात होतं. ताईला हळद लागेल त्या दिवशी सगळ्यांना दाखवायचा, पाहुणे पोट धरधरून हसतील, असा माझा बेत. तेव्हा मला स्वतःच्या डोक्याचं फार कौतुक वाटलं होतं.

साखरपुडा आमच्याच दारात झाला होता. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आमचं रान आहे, घरी सगळं बरं आहे, आणि आमचे वडील उत्तमराव, म्हणजे अण्णा, माणसांचे भुकेले. त्या दिवशी पंगतीत ते स्वतः वाढत होते. माळकरी माणूस, आवाज कधी चढवला नाही, आम्हा बहिणींवर हात कधी उगारला नाही. मला हिंगोलीला शिकायला ठेवायचं ठरलं तेव्हा भावकीने नाकं मुरडली. अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी माझी हॉस्टेलची फी भरून टाकली. माझे अण्णा असे आहेत, असं मी मैत्रिणींना चढ्या आवाजात सांगायचे.

ताईची मात्र गंमत झाली होती. दोन वर्षं ती पोलीस भरतीचा ध्यास घेऊन कालव्याच्या रस्त्याने पहाटे धावायची. गावातल्या पोरांना मागे टाकायची. मग माऊली नावाच्या मुलाचं स्थळ आलं आणि तिचं धावणं एकदम बंद झालं. मुलगा कंपनीत नोकरीला, शांत, दिसायला बरा. बाई प्रेमात पडली, बूट कोपऱ्यात गेले, असं मी तिला चिडवायचे. ती तोंड फिरवून कामाला लागायची. मला वाटायचं, लाजते.

साखरपुड्याची तयार फिल्म घरी होतीच, पण तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. मला मूळचं शूटिंग हवं होतं. शूटिंग केलं होतं विश्वंभरदादाने. तो आईच्या माहेरकडचा, वारंगा फाट्यावर त्याचा स्टुडिओ आहे. त्याने सगळं पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. कॅमेरे दोन होते. एक नवरानवरीवर रोखलेला आणि दुसरा मांडवात पाहुण्यांवर फिरणारा.

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी आधी सुखी घर लावलं. रांगोळी, पेढे, अण्णा पाहुण्यांची गळाभेट घेतायत, आई पदराने घाम पुसतेय. मग मला एक घाबरलेला चेहरा हवा होता. म्हटलं, कुणी जांभई देताना, कुणी शिंकायच्या आधी, असलं काहीतरी शोधून काम भागवू. विनोदी करायचं तर असंच करतात.

शोधावं लागलं नाही. ताईचा चेहरा तयारच होता.

नवरीवरच्या कॅमेऱ्यात ती बसलेली दिसते. गुरुजी काहीतरी विचारतात, किंवा माऊलीची आई जवळ येऊन बोलायला लागते. ताई मान वर करते, तोंड थोडं उघडते, आणि तेवढ्यात तिची नजर उजवीकडे जाते. चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं होतं. आणि मग ती हसते. ते हसू एकदम येतं, बटण दाबल्यासारखं. विश्वंभरदादाच्या फिल्ममध्ये फक्त ते हसू होतं, खाली गाणं होतं. मी हसू कापलं आणि त्याच्या आधीचं ठेवलं. एक झाला, दुसरा सापडला, मग असे चेहरे आणखी सापडत गेले.

मिना माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "तुझी बहीण काय ॲक्टिंग करते गं. सिनेमात पाठव तिला."

मी हसले. पण ताईला ॲक्टिंग येत नाही. शाळेच्या नाटकात तिला झाड केलं होतं आणि झाड म्हणूनही ती अवघडली होती.

महिनाभर ट्रेलर बघून मला एवढी सवय लागली होती की चेहरा दिसला की तो काय बघतोय हे विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. मी दुसऱ्या कॅमेऱ्याचं शूटिंग उघडलं. गुरुजींचा आवाज दोन्हीकडे एकच, त्यावरून क्षण जुळवले. ताईच्या उजवीकडे मांडवाचा खांब होता. खांबाला टेकून अण्णा उभे होते.

अण्णा हसत होते. शेजारच्या पाहुण्याशी बोलत होते. फक्त त्यांचा हात छातीवरच्या खिशावर गेला आणि त्यांनी तिथे हळूच थोपटलं. दुसरा क्षण काढला. पुन्हा अण्णा, पुन्हा हात खिशावर. मी एकेक करून सगळे काढले. ताईने बोलायला तोंड उघडलं की अण्णांचा हात खिशावर जायचा, आणि हात खिशावर गेला की ताई हसायची.

मी वेड्यासारखी कारणं शोधली. मोबाईल असेल. पण मोबाईल त्यांच्या दुसऱ्या हातात दिसत होता. तंबाखू म्हणावी तर माळ घातल्यापासून अण्णा तंबाखूला शिवत नाहीत. मी ट्रेलरच्या शेवटचा काळा पडदा काढून टाकला आणि रीत मोडून तिथे अण्णांचा हात लावला. मग सगळं मोबाईलमध्ये घेतलं आणि पहिल्या बसने गावी निघाले.

ताई खळ्यावर शिजवलेली हळद वाळत घालत होती. मी तिला काही दाखवलं नाही, सरळ विचारलं. "ताई, अण्णांच्या खिशात काय असतं?"

तिचे हात थांबले. कोणी सांगितलं, असं तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आतच खाली बघत म्हणाली, "औषध हाय."

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. अमक्याने औषध घेतलं, एवढं ऐकलं की पुढचं कुणी विचारत नाही, सरळ दवाखान्याकडे पळतात.

ताईने मग सगळं सांगितलं, हळद पसरत पसरत, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होती. स्थळ आलं तेव्हा ती म्हणाली होती, भरतीचं मैदान होऊ द्या, मग बघू. अण्णा रागावले नाहीत. तिला गोठ्यात घेऊन गेले आणि खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली दाखवली, आत फवारणीचं भरलेलं. "म्या पाहुण्याला शब्द देऊन बसलो, बाई. तू न्हाई म्हणलीस तर मी हे पिऊन घेतो. मंग कर तू भरती." एवढंच, तेही मायेने, तिच्या डोक्यावर हात ठेवून. नंतर त्या गोष्टीचा त्यांनी एकदाही उच्चार केला नाही. ती कुठे काही बोलेल असं वाटलं की फक्त खिशावर हात ठेवायचे.

मी काय केलं असेल? मी तिच्यावर चिडले. माझ्या अण्णांवर असला आळ घेते म्हणून तिला खोटारडी म्हणाले. ताई म्हणाली, "म्हण." आणि पुन्हा हळद पसरायला लागली. खोटं बोलणारं माणूस असं म्हण म्हणत नाही, हे मला कळत होतं आणि त्यामुळे मी जास्तच चिडले.

दिवस कलल्यावर अण्णा रानातून आले. मला बघून खूश झाले, कॉलेज कसं चाललंय विचारलं, माझ्यासाठी हरभऱ्याचे हिरवे ढाळे आणलेत म्हणाले. मी त्यांच्या खिशाकडे बघत हो हो करत होते. ते अंघोळीला न्हाणीत गेले आणि शर्ट खुंटीवर राहिला. मी खिशात हात घातला.

बाटली होती. एवढीशी, लेबल अर्धवट सोललेलं. झाकणाला तो वास होता, कपाशीवर फवारून आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो. मला ज्या माणसाने सायकल शिकवली, तो माणूस हे छातीशी घेऊन पंगतीत पुऱ्या वाढत होता.

मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. आमची आई मनकर्णा तशी कमी बोलणारी. मी तिच्यासमोर बाटली ठेवली आणि एका हाताने मोबाईल धरून ट्रेलर लावला. मला वाटलं होतं, आई किंचाळेल. बाहेर धावत जाईल, अण्णांच्या पाया पडेल नाहीतर त्यांना शिव्या देईल, काहीतरी करेल आणि मग मला काही करावं लागणार नाही.

आईने शेवटपर्यंत बघितलं. रांगोळी बघितली, स्वतःला बघितलं, ताईचे चेहरे बघितले, अण्णांचा हात बघितला. मग तिने भाकरी तव्यावर टाकली, हाताचं पीठ झटकलं आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

"ठिव जा परत खिशात," ती म्हणाली. "पाणी हाय ते."

मला काही समजलंच नाही. आईने तव्यावरची भाकरी फिरवली आणि सांगितलं की कपडे धुताना तिला ती बाटली सापडली होती. आतलं तिने लांब नेऊन खड्ड्यात पुरलं, वास राहावा म्हणून झाकण सोडून बाटली धुतली, रंग औषधासारखा दिसावा म्हणून पाण्यात थोडं ताक कालवून भरली आणि होती तशी ठेवून दिली. नवऱ्याला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. अण्णांना आजही ठाऊक नाही की ते ताकाचं पाणी घेऊन फिरतायत.

मी खाली बसले. अण्णा वाचले म्हणून मला रडू येत होतं. आई केवढी हुशार, केवढी धीराची, असं वाटून मी तिला मिठीच मारणार होते. आणि मिठी मारता मारता मला पुढचा प्रश्न सुचला. तो सुचला नसता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही कधी कधी वाटतं.

"आई, कधी बदललं तू हे?"

"साखरपुड्याच्या आधी."

"मंग ताईला काहून न्हाई सांगितलं?"

आईने भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली. ती फुगली. आईचा चेहरा शांत होता. ती चुकली आहे, लपवते आहे, असं त्यावर काही नव्हतं. साखरपुड्यात ताई तिथे बसून मान वर करत होती, हसत होती, आणि आई तिच्या मागे उभी राहून पदराने घाम पुसत होती. ते मीच तर कापून जोडलं होतं. सुखी घर म्हणून.

"सांगितलं असतं तर ती न्हाई म्हणली असती," आई म्हणाली.

अण्णांचं कळलं तेव्हा मला धक्का बसला होता, पण राग करायला जागा होती. आईचं ऐकलं आणि तीही जागा उरली नाही. ही बाई मला जेवायला वाढते, माझी वेणी घालते, आणि इतके दिवस ती ताईला भीतीत ठेवून शांतपणे भाकरी करत होती. तिला ते गैर वाटलेलं नव्हतं. तिला ते लग्न जमवणंच वाटत होतं.

मागे काहीतरी वाजलं म्हणून मी वळले. दारात ताई उभी होती, हातात हळदीची रिकामी पाटी. ती कधी आली, किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती. ती आईकडे बघत होती. मी तिचे इतके चेहरे कापले होते, पण हा त्यांतला नव्हता.

आई म्हणाली, "पुनम, ये. जेवून घे."

ताईने पाटी खाली ठेवली. पुढे येऊन बाटली उचलली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी चुलीजवळच्या राखेत ओतलं. बाहेर न्हाणीचं दार वाजलं. अण्णा अंग पुसत अंगणात येत होते, खुंटीवरचा शर्ट आणा म्हणून हाक मारत होते.

"मंग आता म्हणते न्हाई," ताई म्हणाली, आणि रिकामी बाटली हातात घेऊन अंगणात गेली.