टपावरचं पाणी

डोंबिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत बाबुराव तांबे एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते आणि तेवढ्या काळात त्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा करून घेतलं. कंत्राटदार त्यांच्या नावाने बोटं मोडत. काम संपलं की बाबुराव गच्चीवरचे सगळे पाइप बोळे कोंबून बंद करत, कडेने सिमेंटचा बांध घालत आणि दोन दिवस पाणी तुंबवून ठेवत. खालच्या घरात छताला ओल आली नाही, तरच कंत्राटदार सुटला. आता ही पद्धत सगळीकडेच आहे, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच, की ते दोन दिवस बाबुराव चौथ्या मजल्यावरच्या लोकांच्या घरात जाऊन मान वर करून उभे राहत. कुणी चहा दिला तर तोही छताकडे बघत प्यायचे.

अशा माणसाने टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? घरगाडी!

मूळची ती व्हॅनिटी व्हॅन. घोडबंदरला मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे वीस वर्षं नटनट्यांना सावली देऊन म्हातारी झालेली. आत पलंग, छोटा ओटा, भोवती बल्ब लावलेला आरसा आणि कमोडवाला संडास. बाबुरावांनी ती घेतली ती त्या संडासासाठी. सोसायटीतले म्हणाले, तांब्यांना म्हातारचळ लागला. म्हणोत. लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं!

कारण होतं भीमाबाईंचं, म्हणजे बाबुरावांच्या बायकोचं. गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लघवी धरवत नव्हती. अर्ध्या तासाला, कधी वीस मिनिटांना जावंच लागे. चार वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीतून दोघं नाशिकला लग्नाला निघाली होती. आसनगावच्या पुढे ट्रॅफिक तुंबलं. भीमाबाईंनी दोनदा हळूच सांगितलं. बाबुराव पुढच्या सीटवरून म्हणाले, "अगं, लहान पोरासारखं काय करतेस? जरा धर की." व्हायचं ते झालं, मित्राच्या आणि त्याच्या बायकोच्या देखत. बाबुरावांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती. भीमाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या कुणाच्या गाडीत बसल्या नाहीत. रिक्षात नाही, बसमध्ये नाही. पायी बाजार आणि पायी घर. मंडणगडला त्यांची धाकटी बहीण विमल. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे तिलाही घर सोडता येत नव्हतं. दोघी बहिणी चार वर्षं फोनवर एकमेकींचा आवाज ऐकत होत्या.

"आता तू विमलकडे जायचं," गाडी आणली त्या दिवशी बाबुराव म्हणाले होते. त्याला दोन वर्षं झाली.

दोन वर्षं का लागली? टप गळतो म्हणून. पहिल्या पावसाळ्यात पलंगावर ठिबकलं, तर बाबुरावांनी टपावर डांबर फासलं. मग डांबराला भेगा पडल्या, तर गच्चीच्या कामातून उरलेलं पांढरं केमिकल जाळी घालून थापलं. त्यावर निळा कागद. कागदाच्या कडेने पुन्हा डांबर. जुनं काढायचं म्हणून कधी नाही, वर नवं चढवायचं. गच्चीचंही आपल्याकडे असंच करतात, इमारत बिचारी काही बोलत नाही.

भीमाबाई अधूनमधून विचारत, "कधी निघायचं हो?"

"टपाचं होऊ दे," बाबुराव म्हणत.

शेवटी फेब्रुवारीत कुणीतरी देवराम मढवीचं नाव सांगितलं. कोलशेतला खाडीच्या अंगाला त्याचं शेड होतं. वीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये बसच्या बॉडी बांधून झाल्यावर त्याने स्वतःचं टाकलेलं. देवराम शिडीवर चढला, टपावर टकटक केलं, बोटाने एक पापुद्रा उचकटला आणि वरूनच ओरडला, "काका, हा टप हाय का लग्नातला केक?"

सगळे थर खरवडायला चार दिवस गेले. खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. त्याखालचे लोखंडी अँगल गंजून पातळ झालेले. देवरामने जुनं सगळं उतरवलं. नवे अँगल जोडले, आतून नवं प्लाय लावलं, वर ॲल्युमिनियमचे नवे पत्रे. पुढचा पत्रा मागच्यावर चढवून, म्हणजे गाडी पळताना वाऱ्याने पाणी सांध्यात घुसत नाही. प्रत्येक रिव्हेटखाली सीलंटचा ठिपका. टपाला मध्ये जरा फुगवटा, दोन्ही अंगांना उतार. बाबुराव रोज स्टूल टाकून समोर बसत. काम चोख होतं. त्यांना खोट काढता येईना, आणि त्याचाच त्यांना त्रास व्हायला लागला.

"टेस्ट कशी करायची?" त्यांनी विचारलं.

"होसपाइप मारला ना कालच! एक थेंब आला आत?"

"तसं नाही. पाणी उभं करून बघायला पाहिजे. चोवीस तास तरी."

देवरामने हातातली रिव्हेट गन खाली ठेवली. "काका, गारीचा टप पानी धराला नसतो, सोराला असतो. गच्चीखाली भिंती असतान. हिच्याखाली काय हाय? हे चार अँगल! नसता उद्योग नका करू."

"बरं बरं," बाबुराव म्हणाले. आता एकोणीस वर्षं सेक्रेटरी राहिलेला माणूस 'बरं बरं' म्हणतो, तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं, हे देवरामला कोण सांगणार?

शुक्रवारी गाडी सोसायटीच्या आवारात येऊन उभी राहिली. रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं. भीमाबाईंनी विमलला फोन करून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात फोनवरच ठेवून बसल्या. मग उठून डब्यांना लागल्या. तांदळाचं पीठ, सुकटीची चटणी, मेतकूट, विमलच्या नवऱ्यासाठी मऊ चादरी. रात्री त्या जेवल्या की नाही, बाबुरावांच्या लक्षातही आलं नाही. ते गॅलरीत उभं राहून खाली टपाकडे बघत होते.

शनिवारी नऊ वाजता बाबुराव शिडी लावून टपावर चढले. बादलीत कालवलेलं सिमेंट, कडेला लावायला विटांचे तुकडे. टपाच्या चारी बाजूंनी त्यांनी वीतभर उंच बांध घातला, अगदी हौसेने, थापी फिरवून. बांध आळेपर्यंत जेवून घेतलं. दुपारी सोसायटीच्या टाकीला पंप लावून पाइप वर सोडला. गॅलऱ्यांतून लोक बघायला लागले. कुणी विचारलं, "तांबेसाहेब, स्विमिंग पूल काय?" बाबुराव हसले नाहीत. फेब्रुवारीत पाऊस कुठून आणणार? पाऊस नाही तर खात्री कशी करणार? त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने बरोबरच होतं.

टपाचा फुगवटा बुडेपर्यंत पाणी भरायचं म्हणजे चेष्टा नव्हे. सहा-सातशे लिटर सहज गेलं. सहा-सातशे लिटर म्हणजे सहा-सातशे किलो. आठ-दहा धट्टीकट्टी माणसं टपावर चढवून बसवली असती, तर बाबुरावांनीच आरडाओरडा केला असता. पण पाणी दिसायला गरीब असतं ना! त्याचं वजन कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पंप बंद करायला ते मागच्या बाजूला गेले, तेवढ्यात भीमाबाई डबे घेऊन खाली आल्या. वरून पाइप सोडलेला दिसला, त्यांना वाटलं गाडी धुताहेत. आत जाऊन त्यांनी डबे ओट्याखाली लावले आणि पलंगावर चादर घालायला वाकल्या.

आधी मधला अँगल कण्हला. मग रिव्हेटा लाह्यांसारख्या उडाल्या, पत्र्याने मध्येच पोटात खड्डा घेतला आणि सगळं पाणी प्लाय फोडून एकदम खाली आलं.

बाबुराव धावत आले तेव्हा गाडीच्या दारातून लोंढा बाहेर येत होता, आणि लोंढ्यात मेतकुटाचा डबा. मागून भीमाबाई उतरल्या. डोक्यापासून पायापर्यंत निथळत. चारी मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या.

"अगं, तू आत काय करत होतीस?" बाबुराव खेकसले.

घाबरलेला माणूस खेकसतोच म्हणा. पण भीमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि सावकाश जिना चढून घरी गेल्या. पदर पिळलासुद्धा नाही. जिनाभर पाणी सांडत गेल्या.

फोन गेल्यावर तासाभरात देवराम टेम्पो घेऊन आला. टप बघितला, बांध बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "कुनी सांगितलेला हा धंदा कराला? मी बोललेलो ना तुम्हाला? अति तिथं माती नाय काका, अति तिथं सिमेंट!" बाबुराव खाली मान घालून उभे होते. एकोणीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या कंत्राटदाराला असं उभं केलं होतं, त्यातला एखादा तिथे असता तर त्याने पेढे वाटले असते.

"गाडी परत घेऊन जा," बाबुराव म्हणाले. "किती दिवस लागतील?"

"दहा-बारा तरी."

"हरकत नाही. घाई नाही. नीट होऊ दे."

हे बोलताना त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तो सैल झालेला चेहरा भीमाबाईंनी बघितला, कारण त्या कोरडी साडी नेसून नेमक्या तेव्हाच खाली आल्या होत्या.

"देवरामदादा," त्या म्हणाल्या, "गाडी चालेल का?"

"चालाला काय, इंजिनाला काय नाय झालेला. पन टपाचा…"

"टप पडेल का डोक्यावर?"

देवरामने विचार केला. "मधे दोन टेकू मारले तर नाय परनार. वर ताडपत्री बांधीन. पन वयनी, गलंल ना!"

"कुठून गळेल?" भीमाबाई म्हणाल्या. "पाऊस नाही म्हणून तर ह्यांनी पाणी भरलं. मग नाहीच पाऊस, तर गळणार कुठून?"

देवराम हसायला लागला, आणि मग दोघांची तोंडं बघून गप्प झाला. टेकू आणतो म्हणून तो टेम्पोकडे गेला, आणि परत यायला त्याने मुद्दाम वेळ लावला.

"तुम्हाला जायचंच नाहीये," भीमाबाई म्हणाल्या.

"काय बोलतेस? तुझ्यासाठी तर हा सगळा…"

"दोन वर्षं टप, टप, टप. मी कधी म्हटलं गळतं म्हणून येणार नाही? गळलं तर मी पुसेन. चार वर्षं स्वतःचं पुसतेय, एवढं पाणी मला काय जड आहे?"

बाबुराव गाडीच्या पायरीवर बसले. पायरी ओली होती, ते त्यांना कळलं नाही.

"भीती वाटते," ते म्हणाले. हे दोन शब्द काढायला त्यांना चार वर्षं लागली होती.

"कशाची?"

"कुठेतरी अडकू. तुला त्रास होईल. आणि माझ्या तोंडातून परत तसंच काहीतरी जाईल."

कुठल्या दिवसाबद्दल बोलणं चाललंय हे दोघांनाही माहीत होतं, नाव काढायची गरज नव्हती.

"जाईल कदाचित," भीमाबाई म्हणाल्या. "या खेपेला मी ऐकून घेणार नाही. त्या दिवशी गप्प बसले ही माझी चूक. तिथल्या तिथे तुम्हाला चार शब्द सुनावले असते, तर मी अशी घरात कोंडून पडले नसते. उठा आता. गाद्या वाळत घालायच्यात."

रविवारी सहाचे आठ वाजले, पण गाडी निघाली. टपावर करकचून बांधलेली ताडपत्री, आत दोन लाकडी टेकू, त्यांच्यामधून वाकून जावं लागे. गाद्या वाळल्या नव्हत्या, त्यामुळे शेजारणीच्या दोन सतरंज्या. देवराम फाटकापर्यंत पाठीमागे चालत आला आणि टप बघत उभा राहिला.

काटई नाक्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. दोन लेनची एक झाली, आणि त्या एकीत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. शिळफाटा अजून लांब होता.

"थांबवा," भीमाबाई म्हणाल्या. चालत्या गाडीत टेकूंमधून वाकून जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं.

डाव्या हाताला खणलेला चर, उजव्या हाताला सिमेंटचे ठोकळे. बाजूला घ्यायला हातभर जागा नाही. बाबुरावांच्या तोंडात शब्द आले असतील, नाही असं नाही. त्यांनी ते गिळले, ब्रेक दाबला, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि रस्त्याच्या मधोमध गाडी बंद केली.

मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. एक रिक्षावाला आईबहिणीवर आला. पुढची मोकळी जागा वाढत चालली आणि पिवळं जाकीट घातलेला ट्रॅफिकवाला धावत येऊन काचेवर काठी आपटायला लागला. बाबुरावांनी काच खाली केली.

"ओ काका! गाडी बंद पडली का?"

"नाही. बायको आत गेलीय, संडासात."

ट्रॅफिकवाल्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. "अहो, पण किती वेळ?"

"तिला लागेल तेवढा," बाबुराव म्हणाले.