कागदावर नसलेली टायरं

कमलबाईंनी आयुष्यात पुष्कळ सोंगं पाहिली होती. पण धुराचा हिशेब लिहायला पुण्याहून पांढरे बूट घालून माणूस येतो, हे सोंग नवं होतं.

माकणीचं गुऱ्हाळ कागदोपत्री त्यांचं. बाईच्या नावानं सवलत मिळते म्हणून लेकानं, कृष्णराजनं, तसं करून घेतलेलं. एरवी त्यांना कुणी विचारत नसे. आता सही हवी होती. गूळ घेणाऱ्या बिस्किटाच्या कंपनीला देशाच्या नव्या नियमानं स्वतःचा धूर कळवायचा होता, आणि माल देणाऱ्यांचाही. त्यासाठी हा गौरीशंकर नावाचा सल्लागार. त्यानं नाकाला रुमाल लावून चुलवाण लांबूनच पाहिलं, गार हवेच्या ऑफिसात बसून तक्ता भरला आणि इंधनापुढं लिहिलं, फक्त उसाचं वाळलेलं चिपाड.

वाळलेलं म्हणे. कमलबाईंचे मालक होते तेव्हा चिपाड चार दिवस पटांगणात पसरायचं, आणि हातात टचकन मोडलं तरच चुलवाणात जायचं. त्या पटांगणावर कृष्णराजनं साहेबलोकांच्या गाड्यांसाठी शेड ठोकलं. गाडी यायची महिन्यातून एक. ओलं चिपाड पेटेना, म्हणून चुलवाणात जुनी टायरं जाऊ लागली. जाळ घालणारा बलभीम दोन हंगामांत असा खोकायला लागला, की दोन पावलं चालला तरी भिंत धरायचा. हा कागद असाच गेला तर टायरं कायमची राहणार. जे कागदावर नाही ते बंद कोण करणार?

कमलबाईंनी बलभीमला ऑफिसात बोलावलं. "टायर जळाल्यावर काय उरतंय रं?"

"तारंची कडी, काकू. एका टायरामागं दोन."

"पंधरवड्याची मोजून ये."

त्यानं तिथंच बसलेल्या कृष्णराजकडं पाहिलं.

"तिकडं काय बघतूस? गुऱ्हाळ माझ्या नावावर हाय. त्यानंच केलंय."

राखेच्या ढिगात दोनशे चाळीस कडी निघाली. कृष्णराज घायकुतीला आला. कंपनी माल घेणं बंद करील, इतकी वर्षं जपलेलं गिऱ्हाईक जाईल, असं काकुळतीनं सांगू लागला. गौरीशंकरनं मध्येच समजुतीनं सुचवलं, तक्त्यात 'इतर इंधन' असा रकाना आहे, पण तो सहसा कुणी भरत नाही.

"मग छापला कशाला?" कमलबाई म्हणाल्या. "लिवा, एकशेवीस टायरं. न्हायतर माझी सही न्हाय."

त्यानं लिहिलं. कमलबाईंनी एकेक अक्षर जोर देऊन सही केली.

आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. टायरं बंद करा, नाहीतर गूळ बंद. कृष्णराज दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी त्यानं शेडचे पत्रे उतरवले आणि पटांगणात पुन्हा चिपाड वाळू लागलं. महिनाभरात मात्र त्याची भूक परतली. लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर त्याचा बॅनर लागला. हात जोडलेला फोटो, खाली लिहिलेलं, 'पर्यावरणासाठी टायरमुक्त गुऱ्हाळ, एका तरुणाचा निर्धार.' तरुणाचं वय एकेचाळीस.

दवाखान्यातून परतताना बलभीमनं बॅनर पाहिला. गुऱ्हाळावर येऊन तो म्हणाला, "काकू, त्यात तुमचा फोटू कसा न्हाय?"

"बरं झालं," कमलबाई म्हणाल्या. "त्याच्या शेजारी लटकायला म्या काय पाप केलंय?"

बलभीम हसला. हसताना त्याला खोकला आला, पण भिंत धरावी लागली नाही.