घासून आलेलं पातेलं

"रिकाम्या भांड्यावर विसंबू नकोस, सूनबाई. पोटाला हात लावून बघ."

माझे सासरे अनातोल हे मला सशांच्या शेडमध्ये म्हणाले होते, गेल्या वसंतात. मी हसून सोडून दिलं. आज ते नाहीत, म्हणून लिहितेय.

फ्रान्समध्ये पार्तने गावाजवळ आमचं सशांचं फार्म आहे. पस्तिसाव्या दिवशी पिल्लं आईपासून तोडली की त्यांची पोटं बिघडतात, पटापट दगावतात. मी कृषी कॉलेजात शिकून आलेली. गव्हाचा कोंडा, बिअरच्या कारखान्यातला बार्लीचा चोथा आणि त्यात एन्झाइमची पावडर, हे नवं खाद्य मीच सुरू केलं होतं. रोज सकाळी किती उरलं ते वजन करून तक्त्यात लिहायचे. त्या दिवशी एका पिंजऱ्यापुढे शून्य लिहिलं आणि तक्ता बाबांपुढे नाचवला.

त्यांनी त्याच पिंजऱ्यातलं एक पिल्लू उचलून माझ्या तळहातावर पालथं ठेवलं आणि माझं बोट त्याच्या पाठीवरून फिरवलं. कणा करवतीसारखा बोचला.

"आठांत सात खादाड असले की भांडं रिकामंच दिसतं. हे केव्हाचं उपाशी आहे."

"बाबा, आता एन्झाइम आहे. पचेल त्याला."

"अगं, एन्झाइम खाणाऱ्याच्या पोटात जातं. न खाणाऱ्याचं काय?"

दोन दिवसांनी ते पिल्लू गेलं. मी तक्त्यात 'एक' लिहिलं आणि माझ्या दोन महिन्यांच्या लेकीला पाजायला घरात गेले.

ऑक्टोबरात माझ्या सासूबाई, ओदेत, गेल्या. बाबा अंगणापलीकडच्या छोट्या घरात एकटे उरले. आमच्याकडे जेवायला या म्हटलं की म्हणायचे, "तुझी लेक रडते, मी खोकतो. बँडपथकच होईल." मग मी रोज दुपारी सुपाचं पातेलं त्यांच्या दाराशी ठेवायचे. संध्याकाळी ते आमच्या खिडकीत परत आलेलं असायचं. तळाशी जांभळं कडं असायचं. आमच्याकडची जुनी माणसं शेवटच्या दोन घोटांत लाल वाइन ओततात आणि भांडं थेट तोंडाला लावतात. बाबांनी ते एकही दिवस चुकवलेलं मला आठवत नाही.

नाताळनंतर पातेलं घासून येऊ लागलं. लख्ख.

"बाबा सावरले बघ," मी नवऱ्याला म्हटलं.

"आईला चाळीस वर्षांत जमलं नाही ते तू करून दाखवलंस," लुदोविक हसला. "आणि त्यांचा कुत्रा पाहिलास का? पिंप झालंय नुसतं!"

मीही हसले. कुत्र्याचं पिंप झालेलं दिसत होतं, आणि तरी मला कळलं नाही. मी लेकीचं दूध मोजत होते, दर सोमवारी तिचं वजन करत होते. घरात माझ्याइतकं लक्ष ठेवणारं कुणी नाही, असं सगळे म्हणायचे.

फेब्रुवारीत बाबा पायरीवर घसरले. मी धावले, उचलायला पाठीखाली हात घातला. दोन स्वेटरांमधून कणा तळहाताला बोचला. तस्साच. आणि ते इतके हलके, की मी एकटीने त्यांना उचललं.

"सांगायचं तरी, बाबा," हॉस्पिटलमध्ये मी म्हटलं.

"ओदेतशिवाय घास उतरेना, पोरी. भरलेलं पातेलं परत धाडलं असतं, तर तू काळजीने दूध आटवून घेतलं असतंस." मग म्हणाले, "कुत्र्याला आवडायचं हं तुझं सूप."

नवव्या दिवशी ते गेले.

आता मी रोज एकेक पिल्लू हातात घेते. भांडं रिकामं असो, नसो. कुठलंही हडकुळं हाताला लागलं की ते वेगळं काढते आणि खाईपर्यंत समोर बसते. कुत्रा अजून दुपारी त्यांच्या दाराशी जाऊन बसतो.

तुमच्याकडूनही कुणाला डबा जात असेल. तो रिकामा, स्वच्छ धुऊन परत येत असेल. आज दाराशी ठेवून वळू नका. आत जा. समोर बसा, घास तोंडात जातोय का बघा. निघताना त्यांच्या पाठीवरून हात फिरवा. सावकाश फिरवा.