भर उन्हात मधे येणारा फिल्टर

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. मी एका जुन्या, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या आत राहतो. मी नखापेक्षाही लहान, करड्या रंगाचा फिल्टर आहे. भिंगाच्या आतल्या बाजूला एका बारीक दांडीवर मला बसवले आहे.

माझे काम सांगतो. मोठ्या कॅमेऱ्यात ऊन जास्त झाले की भिंगामागचे भोक आकसते आणि प्रकाश कमी होतो. आमच्या छोट्या कॅमेऱ्यातले भोक मुळातच बारीक. ते आणखी आकसले तर फोटो अस्पष्ट येतो. म्हणून कारखान्यात माझी योजना झाली. ऊन कडक असले की दांडी हलते, ‘टिच’ असा आवाज होतो आणि मी प्रकाशाच्या वाटेत उभा राहतो. रंग बदलत नाही, फक्त उजेड कमी करतो. सावलीत मी बाजूला होतो.

आमचा कॅमेरा पहिल्यांदा घेतला तो रनाळ्याच्या भूपेश सरांनी. ते शिक्षक. दरवर्षी ते आम्हाला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेत. एकदा भाईदासभाऊंची पांढरी घोडी दुपारच्या उन्हात उभी होती. पांढऱ्यावर ऊन म्हणजे माझी परीक्षाच. सरांनी बटण दाबले, मी मधे आलो. पडद्यावरचा फोटो पाहून भाईदासभाऊ म्हणाले, “सर, घोडीना एकेक केस दिसी ऱ्हायना! कॅमेरा भारी शे!”

कौतुक कॅमेऱ्याचे झाले. मला त्याचे वाईट वाटले नाही. घोडी नीट दिसली, हे मला ठाऊक होते.

पुढे सरांनी चांगला मोबाइल घेतला. एका पावसाळ्यात तोरणमाळच्या धुक्यातून परतल्यावर त्यांनी आमचा कॅमेरा ओलसर पिशवीसकट कपाटात ठेवला. सेलही काढले नाहीत. आम्ही तिथे तीन वर्षे पडून होतो. माझ्या दांडीच्या खिळीवर हळूहळू चिकट थर चढला. मी बाजूलाच अडकून बसलो आणि मला ते कळलेही नाही.

मग सरांची जुनी विद्यार्थिनी जागृती त्यांच्याकडे आली. ती तळोद्याला राहून डोंगरातल्या गावांना वनहक्काच्या, म्हणजे पूर्वीपासून कसलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काच्या, दाव्यांचे कागद करायला मदत करत असे. सरांनी तिला कॅमेरा देऊन टाकला. नवे सेल घालून घरातल्या घरात तिने दोन फोटो काढून पाहिले. छान आले.

पौष महिन्यात ती ईश्वरभाऊंच्या जीपने सातपुड्यातल्या एका पाड्यावर गेली. जीप तिकडे आठवड्यातून एकदाच जायची आणि दुपारी दोनला परतायची. पाड्यावर गुलाबबाई वाट पाहत होती. तिचा नवरा खात्या ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. त्यांचे शेत उतारावर होते, आणि ते शेत जुने आहे याची खूण म्हणजे तिथले दगडी बांध. गावाची समिती सोमवारी दाव्याचे कागद पुढे पाठवणार होती. त्या कागदांना बांधांचे फोटो जोडायचे होते.

“हे दगड माझ्या सासऱ्याने आणले,” गुलाबबाई म्हणाली. “नदीतून. डोक्यावर.”

दुपारचा एक वाजला होता. जागृतीने बटण दाबले. दांडीला झटका बसला, पण मी हललो नाही. सगळे ऊन तसेच आत घुसले. पडद्यावर नुसता पांढरा उजेड उमटला.

गुलाबबाईने वाकून पाहिले. “यात माझं शेत नाय,” ती म्हणाली.

जागृतीने पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच. तिच्या मोबाइलची बॅटरी घाटातच संपली होती, आणि पाड्यावर दोन दिवसांपासून वीज नव्हती. ईश्वरभाऊंकडे बटणांचा साधा फोन होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले खरे काम त्या क्षणी समोर होते, आणि मी चार केसांच्या अंतरावर अडकून पडलो होतो. दर वेळी दांडी मला ढकलत होती. मला जाता येत नव्हते.

ईश्वरभाऊ जवळ आले. “काय व्हयनं, ताई?”

“घरात चांगले येत होते. इथे सगळे पांढरे येतात. ऊन जास्त होतंय बहुतेक.”

ईश्वरभाऊंनी डोळ्यांवरचा काळा गॉगल काढला, शर्टाला पुसला आणि पुढे केला. “मंग हाऊ लावी दखा. मन्हा डोयास्नं ऊन कमी करस, त्यानं बी करी.”

जागृतीने गॉगलची एक काच भिंगासमोर धरली आणि बटण दाबले. आता दगड दिसले. एकावर एक रचलेले, शेवाळाचे डाग असलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फोटोला थोडी हिरवी झाक होती, एवढेच. गुलाबबाईने पडद्यावर बोट ठेवून बांध मोजले. “सात. सगळे आले.”

मला लाज वाटली आणि हायसेही वाटले. माझे काम बाजारातल्या एका गॉगलने केले, पण काम झाले.

तळोद्याला परतल्यावर जागृतीने कॅमेरा दोधूमामांकडे नेला. ते घड्याळे दुरुस्त करत. त्यांनी भिंग उघडले, चिमट्याने मला हलवून पाहिले आणि म्हणाले, “हाऊ मोडेल नही शे, पोरी. नुसता चिकटी गया. ओलं ठेवं व्हतं कोणी?” त्यांनी खिळी पुसली. टिच! मी वाटेत आलो. मग बाजूला झालो. पुन्हा आलो.

सरकारी पाहणीचे लोक पाड्यावर आले, फोटो हातात धरून बांध पाहून गेले. निर्णयाला वर्ष लागले. पुढच्या वर्षीच्या होळीला खात्या गावी आला, त्याच आठवड्यात हक्काचा कागद मिळाला.

मित्रांनो, एक विनंती करतो. वापरात नसलेली वस्तू ठेवायचीच असेल तर कोरडी करून ठेवा, सेल काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी ती चालते का ते पाहा. घरात चालते म्हणून थांबू नका, उन्हातही पाहा. आतला लहानसा भाग अडकला तर बाहेरून कळत नाही. कळते ते ऐन गरजेच्या वेळी.

कागद मिळाल्यावर जागृती पुन्हा वर गेली होती. खात्या आणि गुलाबबाई भर दुपारी शेतात उभे राहिले. गुलाबबाईने तो नवा करकरीत कागद छातीशी धरला. त्याच्यावर ऊन असे पडले होते की डोळे दिपावेत. मी वेळेवर मधे आलो. तो फोटो त्यांच्या झोपडीत लावलेला आहे. जवळ जाऊन पाहिले तर कागदावर नवऱ्याच्या नावाखाली तिचे नाव वाचता येते.